ब्रेकबाईंचा उजवा पाय

मोटार चालवायला शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. नाव कुणी पाडलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण का पडलं ते त्यांच्या शेजारी एकदा बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. बाकीचे शिक्षक तो अडल्यानडल्याला वापरतात. बाईंचा उजवा पाय मात्र त्याच्यावर सदा टांगलेला असे. घोटा आखडलेला, बोटं वर, टाच खाली. समोर मांजर आलं की पाय दाबला जाई. मांजर येईल असं नुसतं वाटलं तरी दाबला जाई. ‘बाईंच्या गाडीला अपघात होणं शक्यच नाही,’ विद्यार्थी म्हणत, ‘अपघात व्हायला गाडी आधी पुढे जावी लागते.’

हे बाईंच्या कानावर होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकताना कुणाला साधा ओरखडा आला नव्हता. लोकांची मुलं आपल्या गाडीत आहेत, ती धडधाकट घरी गेली पाहिजेत, बाकी गप्पा नंतर, असा त्यांचा हिशेब होता. लोकांच्या मुलांसाठी जो पाय इतका जागा, तो स्वतःच्या मुलीसाठी काय करील हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच लेक त्यांच्याकडे गाडी शिकली नाही. ‘आई, मला गाडी चालवायला शिकायचंय, थांबवायला नाही,’ असं म्हणून ती दुसऱ्या शाळेत गेली आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली. पुढे जनावरांची डॉक्टर झाली, आणि पदवी हातात पडल्यावर एक जुनी गाडी घेऊन दारात उभी राहिली. रंग मुळात कुठला होता ते विचारावं लागे. त्या गाडीला ब्रेक एकच होता आणि तो लेकीच्या बाजूला होता.

पहिल्या दिवशी तिने आईला मानाने शेजारी बसवलं. वडील मागे बसले. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत आणि बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मागची सीट पसंत केली होती. मोठ्या चौकापर्यंत सगळं नीट चाललं. चौकात समोरून बेकरीची मोटार वळायला लागली. अंतर भरपूर होतं आणि लेकीने ते पाहिलंही होतं. पण बाईंचा पाय धाडकन खाली आला. खाली नुसतं पायपुसणं होतं. पायाखाली काहीच नाही हे कळल्यावर त्या किंचाळल्या, ‘अगं मेलो आपण!’

लेक दचकली. गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली आणि बेकरीवाला खरोखरच भिडता भिडता राहिला.

घरी आल्यावर लेकीने किल्ली टेबलावर ठेवली.

‘आता सांग, अपघात कोण करत होतं?’

‘मी फक्त—’

‘आजपासून माझ्या गाडीत तू बसायचं नाहीस. बाबा चालतील.’

‘अगं, पण मी काय मुद्दाम—’

‘मुद्दाम केलं असतंस तर समजावता आलं असतं. नाही म्हणजे नाही, आई.’

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चष्मा काढून पुसायला घेतला. हा माणूस स्वतःच्या चष्म्यामागे लपायचा, तोही काढून.

ही बंदी लेकीने पाळली. महिने गेले. ती बाबांना दुकानात सोडी, शेजारणीला बाजारात नेई, एकदा तर शेजारणीच्या कुत्र्याला पुढच्या सीटवर बसवून दवाखान्यात घेऊन गेली. बाई खिडकीतून बघत. कुत्र्याला चालतं.

शेजारीण टपाल वाटायचं काम करत असे. दिवसभर चालून तिची पावलं दगडासारखी झाली होती, आणि बाईंची पाठ दिवसभर बसून. डॉक्टरांनी ‘हला जरा’ म्हटल्यावर बाई तिच्याबरोबर पहाटे पळायला लागल्या होत्या, कामावर सायकलने जात होत्या. एक दिवस शेजारीण कुंपणावरून ओरडली, ‘आपल्या दोघींची नावं दिली गं!’

‘कशात?’

‘ट्रायथलॉन. तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सगळं एकापाठोपाठ.’

‘मला पोहता येत नाही.’

‘येईल की. पाण्यात पडलं की पोहता येतं.’

असं म्हणणारे सगळे काठावर उभे असतात, हे बाईंना नंतर कळलं. शेजारणीचं तर ते शब्दशः खरं ठरलं. पंधरवड्यात तिचा गुडघा सुजला, डॉक्टरांनी पळणं बंद केलं आणि ती कायमची काठावरच्या लोकांत जाऊन बसली. बाईंनाही नाव मागे घेता आलं असतं. रात्री जेवताना त्या म्हणाल्याही, ‘आता मी एकटी कुठे जाऊ? राहू दे.’

लेकीने ताटातून मान वर न काढता म्हटलं, ‘हो, थांबलेलंच बरं.’

ते वाक्य बाईंना झोंबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी सोडून त्या सरळ पोहण्याच्या तलावावर गेल्या.

पाण्याशी त्यांची ओळख अशी नव्हतीच. त्यांच्या आईने घरात एक नियम घालून दिला होता: पोहायला आल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही. या नियमात काही गोम आहे हे लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही आणि बाईंनी तो मुकाट पाळला. लेकीला मात्र त्यांनी चार वर्षांची असतानाच पोहायला घातलं होतं. ती पाण्यात असे तोवर या काठावर उभ्या. सुरुवातीला ‘अगं, हात मार! अगं, बाहेर ये!’ असं चालायचं. मग तिथल्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘तुम्ही ओरडलात की ती वर बघते, आणि वर बघितलं की बुडते. बघा काय ते.’ त्या दिवसापासून लेक पोहायला शिकेपर्यंत त्या ओठ मिटून उभ्या राहिल्या. ते सोपं गेलं नव्हतं.

म्हाताऱ्या बाई आता नव्हत्या. त्यांच्या जागी शिट्टी गळ्यात घालून उभा होता हँडब्रेक.

हँडब्रेक म्हणजे बाईंचाच एक जुना विद्यार्थी. पहिला आठवडाभर हा मुलगा हँडब्रेक ओढलेलाच ठेवून गाडी चालवायचा आणि ‘गाडीत दम नाही’ म्हणायचा. शेवटी एकदा धूर निघाला. नाव बाईंनीच ठेवलं होतं. ते त्याला असं चिकटलं की आता तलावावरची पोरंटोरंही त्याला हँडब्रेक सर म्हणत.

‘बाई? तुम्ही? कुणाला आणलंय?’

‘मलाच शिकायचंय.’

हँडब्रेकने त्यांना आधी नीट न्याहाळलं. मग त्याचं हसू हळूहळू दोन्ही कानांपर्यंत पोचलं. ‘वरती कुणीतरी आहे बरं का,’ तो म्हणाला.

‘हसू नकोस. मी तुला कधी हसले होते?’

‘तुम्ही सगळ्या वर्गाला सांगितलंत. माझ्या आईला सांगितलंत. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन बायकोला सांगितलंत.’

‘तिला ते आधी माहीत असायला हवं होतं.’

‘उतरा पाण्यात,’ हँडब्रेक म्हणाला.

पहिले काही दिवस काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण त्यात बरंचसं नाकातोंडात पाणी जाणंच होतं. डोकं पाण्यात घालायचं आणि श्वास पाण्यात सोडायचा, हे बाईंना मुळात अन्यायाचं वाटलं. ते जमलं तेव्हा दुसरंच निघालं. आयुष्यभर त्यांनी मुलांना ‘समोर बघ, लांब बघ’ शिकवलेलं; त्यामुळे पाण्यातही मान वर. मान वर की कंबर खाली. ‘तळ बघा बाई, तळ!’ हँडब्रेक काठावरून सांगे. ‘तळ बघून कोण चालवतं?’ बाई विचारत आणि त्या नादात पाणी पीत. श्वासाला मान वळवताना त्या खांद्यावरून पार मागे बघून घेत, मागून कुणी येत नाही ना. भिंत जवळ आली की वेग कमी करत. मुळात वेग नव्हताच, त्यामुळे त्या भिंतीच्या हातभर अलीकडेच बुडत.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,’ घरी टॉवेल वाळत घालताना त्या म्हणाल्या.

‘कोरडे कुठे,’ नवरा म्हणाला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं. दोन दिवसांनी त्याने त्यांच्या हातात पोहायचा चष्मा ठेवला. दुकानात बसून त्यांच्या नंबरची भिंगं घासून घातली होती. आता निदान बुडताना स्वच्छ दिसणार होतं.

खरी गोष्ट बाहेर पडली ती फळीच्या दिवशी. हलकी फळी दोन्ही हातांत धरायची आणि नुसते पाय मारत पलीकडे जायचं. शेजारच्या पट्ट्यात शाळेतली मुलं फळ्या घेऊन भुर्र निघून गेली. बाईंनी दात-ओठ खाऊन पाय मारले. पाणी उडालं, दम लागला. त्यांनी डोकं वर काढलं, तर ज्या काठावरून निघाल्या होत्या तो पायाला लागला.

‘बाई,’ हँडब्रेक शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही मागे येताय.’

शाळेतली मुलं फळ्या सोडून बघायला लागली.

‘पुन्हा मारा,’ तो म्हणाला आणि स्वतः पाण्यात उतरून, बुडी मारून त्यांच्या पायांकडे बघत राहिला. वर आला तेव्हा तो हसत नव्हता, आणि म्हणून बाईंना जास्त भीती वाटली.

‘डावा पाय झकास आहे. उजवा कुणाचा आहे?’

‘कुणाचा म्हणजे?’

‘बाई, तुम्ही ब्रेक दाबताय.’

बाईंनी पाण्याखाली पाहिलं. नवऱ्याच्या भिंगांतून सगळं लख्ख दिसत होतं. डावा पाय सरळ, सैल, माशाच्या शेपटीसारखा. उजवा मात्र घोट्यातून आखडलेला. बोटं वर, टाच खाली. पोहताना पाऊल मागे निमुळतं जायला हवं. यांचं पाऊल पाण्यासमोर फावड्यासारखं आडवं उभं होतं, आणि प्रत्येक फटक्याला तेच फावडं त्यांना मागे ओढत होतं.

‘गाडीत ब्रेक दाबला की गाडी थांबते,’ हँडब्रेक म्हणाला. ‘पाण्यात ब्रेक दाबला की माणूस थांबत नाही. बुडतो.’

बुडत्याचा पाय खोलात असं म्हणतात. बाईंच्या बाबतीत क्रम उलटा होता.

पुढचे आठवडे सगळं त्या एका पायाभोवती फिरलं. काठावर बसून घोटा सैल सोडायचा. ओल्या मोज्यासारखा सोडा, हँडब्रेक म्हणे. बाई ओल्या मोज्याचा विचार करत आणि घोटा खुंटीसारखा ताठ राही. त्याने उजव्या पायात बदकाच्या पावलासारखा रबरी पंखा घालून बघितला, म्हणजे ब्रेक दाबताच येणार नाही. पाय सरळ झाला खरा, पण त्या एका पंख्याच्या जोरावर बाई गोल गोल फिरायला लागल्या आणि शेजारच्या पट्ट्यातल्या एका वकिलाला जाऊन धडकल्या.

‘इंडिकेटर तरी द्या,’ वकील म्हणाला.

आणि दिवसा काम होतंच. गाडीत बसलं की पाय पुन्हा ब्रेकवर. तिथे तो सैल सोडणं म्हणजे लोकांच्या मुलांशी बेइमानी. ‘दिवसभर एक शिकवायचं आणि संध्याकाळी दुसरं, पायाने ऐकायचं कुणाचं?’ त्या वैतागून म्हणाल्या.

हँडब्रेक विचारात पडला. मग म्हणाला, ‘बाई, मूल खांद्यावर झोपलं की त्याचा पाय कसा होतो?’

लेक चार वर्षांची असताना पोहून दमायची आणि घरी येताना खांद्यावरच झोपायची. तिचं पाऊल बाईंच्या कमरेशी लोंबत असे, चालीबरोबर हलत असे. त्यात हाड आहे की नाही अशी शंका यायची. झोपलेल्या पोराच्या पायाला कसली काळजी नसते. ती उचलणाऱ्याच्या पायाला.

त्या फळी घेऊन पुन्हा निघाल्या. त्या दिवशी पलीकडची भिंत फार उशिरा आली, पण आली.

एका रात्री लेकीने जेवताना सांगितलं की नोकरी लागली. दूरच्या गावी, गाईगुरांच्या दवाखान्यात, रोज आसपासच्या गोठ्यांवर फिरायचं. स्पर्धेच्या रविवारीच निघायचं होतं. तळं त्याच रस्त्यावर होतं.

‘मी स्पर्धा बघते आणि तिथूनच पुढे जाते,’ ती म्हणाली. ‘बाबा माझ्याबरोबर येतील, घर लावून देतील. तू मागून बसने ये.’

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. लेक पहिल्यांदा घर सोडून जाणार, तिचं सामान, तिची गाडी, तिचा रस्ता, आणि आई बसने.

‘मी पोहून बाहेर आले तर?’

‘तर टाळ्या वाजवीन.’

‘तर गाडीत बसू देशील?’

‘पोहण्याचा आणि गाडीचा काय संबंध, आई?’

‘पाय तोच आहे,’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला फळीपासून वकिलापर्यंत सगळं सांगितलं. लेक हसता हसता ठसका लागून थांबली. बाबांनी तिच्या पाठीवर चापट मारली. मग तिने आईकडे जरा वेळ नीट पाहिलं, जनावर लंगडतंय का ते बघावं तसं.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘होडीत न चढता पोहून बाहेर आलीस, तर शेजारी बस. होडीत बसलीस तर बसने. ठरलं?’

‘ठरलं.’

‘आणि मध्येच नाव मागे घेतलंस—’

‘ठरलं म्हटलं ना!’

तलावात बाईंनी आता न थांबता बरंच अंतर काटायला सुरुवात केली होती. वेग असा की शाळेतली मुलं त्यांना दोनदोनदा ओलांडून जात आणि प्रत्येक वेळी ‘बाई, रस्ता द्या’ म्हणत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की तळं हे तलावासारखं नसतं. हँडब्रेकने सांगितलं होतं म्हणा, पण सांगितलेलं आणि समजलेलं यांत फरक असतो, हे शिकवणाऱ्याला कुणी सांगायला नको.

रविवारी पहाटे तळ्यावर धुकं होतं. लेकीची गाडी छतापर्यंत भरली होती; पुढची सीट तेवढी रिकामी होती आणि मागे वडिलांना बसण्यापुरती फट. शेजारीण सुजलेला गुडघा घेऊन आली होती, सायकल परत न्यायची जबाबदारी तिची. हँडब्रेक सगळ्यांत घाबरलेला दिसत होता.

‘शपथेवर सांगतो, मी ते लग्नातलं विसरलो,’ तो म्हणाला. ‘फक्त घाई करू नका.’

‘मी कधी घाई केली आहे रे?’

शिट्टी झाली. बाई सगळ्यांना पुढे जाऊ देऊन मग पाण्यात शिरल्या; गर्दीच्या रस्त्यावर नेहमी करत तसं. पाणी गार होतं. त्यांनी डोकं आत घातलं आणि खाली तळच नव्हता. फरशी नाही, काळी रेघ नाही, नुसता हिरवट अंधार. नवऱ्याने इतकी छान भिंगं घासली होती, पण बघायला काही असायला हवं ना.

वळायची खूण म्हणून पाण्यावर सोडलेल्या पहिल्या नारिंगी फुग्यापर्यंत त्या कशाबशा पोचल्या. तिथे वळताना उशिरा येऊन मागून निघालेला एक दांडगा पोहणारा त्यांच्या अंगावरूनच गेला. तोंडात पाणी गेलं. मान वर झाली, आणि पाय खाली आला. धाडकन. बोटं वर, टाच खाली. ब्रेक. खाली काहीच नव्हतं. चौकातल्या गाडीत नव्हतं तसंच.

बाई पाण्यात उभ्या झाल्या, आणि पाण्यात उभं राहता येत नाही. एकदा गेल्या, वर आल्या, पुन्हा गेल्या. पोटरीत गोळा आला. हाताला काहीतरी टणक लागलं ते त्यांनी घट्ट धरलं. ती देखरेखीची लहान होडी होती आणि तिच्यात वल्हं घेऊन एक मुलगी बसली होती.

‘धरून थांबलात तर चालतं,’ ती म्हणाली. ‘मी होडी पुढे नेणार नाही, तेवढा नियम आहे. आत यायचंय का?’

बाईंना आत यायचं होतं. इतकं कशासाठी कधी वाटलं नव्हतं. त्यांनी काठाकडे पाहिलं. धुकं उठलं होतं आणि नंबरच्या भिंगांतून सगळं दिसत होतं: शेजारीण दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडतेय, हँडब्रेक पाण्यात गुडघाभर शिरलाय, नवरा टॉवेल घेऊन उभा. आणि लेक. तिला आई होडीला लटकलेली दिसत होती हे उघड होतं. ती हलत नव्हती, ओरडत नव्हती. ओठ मिटून उभी होती.

तसं उभं राहायला किती कष्ट पडतात हे बाईंना माहीत होतं.

‘येताय?’ मुलीने पुन्हा विचारलं.

‘नको,’ बाई म्हणाल्या. ‘एक मिनिट धरते फक्त.’

त्यांनी हात होडीवर ठेवून चेहरा पाण्यात घातला आणि बुडबुडे सोडले. पोटरीतला गोळा हळूहळू उतरला. मग पायाला काही सांगण्याऐवजी त्यांनी त्याला सोडूनच दिलं. झोप, म्हणाल्या त्याला. मी उचलते. पाय ढिला पडला आणि मागे तरंगायला लागला. त्यांनी होडी सोडली.

पुढचं पोहणं दिसायला काही फार सुंदर नव्हतं. डाव्या पायाने आणि दोन हातांनी ते काम केलं, उजवा नुसता मागे लोंबत होता. दोन वेळा तो दचकून आखडला, दोन वेळा त्यांनी त्याला पुन्हा झोपवला. सगळे पुढे निघून गेले होते, त्यामुळे अंगावरून जायला कुणी उरलं नव्हतं. होडी थोड्या अंतरावरून सोबत येत होती. दुसरा फुगा गेला, तिसरा गेला, आणि मग हाताला वाळू लागली तेव्हा बाईंना आधी ते कळलंच नाही. त्या गुडघाभर पाण्यात आडव्या पडून हात मारतच राहिल्या.

‘बाई, उभ्या राहा!’ हँडब्रेक ओरडत होता. ‘आली! आली जमीन!’

त्या उठल्या. मागे राहिलेल्यांत त्यांच्या मागे फक्त एक जण होता आणि तो दमून दुसऱ्या होडीतून येत होता. त्या लटपटत काठ चढल्या. लेक धावत पुढे आली आणि तिने आईचा दंड धरला. तिचा चेहरा ओला होता, आणि ती तर पाण्यात उतरली नव्हती.

जिथून ती धावत आली होती तिथे बाईंची नजर गेली. ओल्या वाळूत तिच्या डाव्या बुटाचा साधा ठसा होता. उजव्या टाचेखाली मात्र चांगला वीतभर खड्डा पडला होता, कडेला वाळूचा ढीग, तळाला पाणी साचलेलं.

बाईंनी खड्ड्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

‘काही बोलू नकोस,’ लेक म्हणाली. ‘सायकल तिकडे आहे. जा.’

सायकल आणि पळणं बाईंना येत होतं. त्यांनी ते दोन्ही केलं. शेवटची कमान त्यांनी ओलांडली तेव्हा ती खाली उतरवायला माणसं शिडी घेऊन उभीच होती. त्यांनी शिडी बाजूला घेतली आणि टाळ्या वाजवल्या. शेजारीण रडली. हँडब्रेकने आपल्या बायकोला फोन लावून सांगितलं आणि मग फोन बाईंच्या कानाला लावला. ‘बाई, आता तुमचं नाव काय ठेवायचं?’ बायको पलीकडून विचारत होती.

गाडीपाशी लेकीने पुढचं दार उघडून धरलं.

‘बस.’

बाई बसल्या. पट्टा लावला. आरसा बघायला मान वळवली आणि परत सरळ केली. नवरा मागच्या फटीत उश्या आणि कुकरच्या मध्ये जाऊन बसला. गाडी तळ्याच्या रस्त्यावरून निघाली, गावाबाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली ठेवले होते, हातांचा काही दोष नसताना.

पुढे एक ट्रॅक्टर कडेच्या शेतातून रस्त्यावर यायला लागला. लेकीने वेग आधीच कमी केला होता. बाईंचा पाय खाली आला. पायपुसण्यावर, टाचेसकट. पण आवाज फक्त बुटाचा झाला.

लेकीने समोरची नजर न काढता विचारलं, ‘दाबलास?’

‘गोळा आला पोटरीत.’

‘आई.’

‘दाबला,’ बाई म्हणाल्या.

ट्रॅक्टर सावकाश निघून गेला. त्याच्या मागे रस्ता मोकळा होता.

‘दाब,’ लेक म्हणाली आणि गिअर बदलला. ‘ओरडू नकोस म्हणजे झालं.’

मागून, उश्यांच्या आडून, बाबांचा आवाज आला, ‘मीही दाबतो. इतकी वर्षं.’

दोघीही एकदम मागे वळल्या. मग बाईंनीच लेकीची मान परत पुढे फिरवली.

‘समोर बघ,’ त्या म्हणाल्या.